हळद शिजत होती त्या संध्याकाळी : वाईच्या एका लग्नाच्या छायाचित्रणाचा प्रकरण अभ्यास

नवरा मुलगा वाई तालुक्यातला, घरची शेती हळदीची आणि उसाची. नवरी मुलगी मूळची साताऱ्याची, नोकरीला पुण्यात. घडलेलं लिहायला दोघांची हरकत नव्हती, फक्त नावं नकोत म्हणाले, म्हणून नावं देत नाही.

काम असं ठरलं होतं : लग्नाच्या नऊ दिवस आधी एक संध्याकाळ दोघांचं आऊटडोअर, मग हळदीचा दिवस आणि लग्नाचा दिवस. मुलीने पहिल्याच फोनवर सांगितलं, "पोझ नकोत. आम्ही आहोत तसे दिसू दे." मागून मुलाचा आवाज आला, "मला फोटूत हसायला येत नाही, तेवढं सांग त्यांना."

ही दोन्ही वाक्यं मी वहीत लिहून घेतली होती. तरीही त्या संध्याकाळचा पहिला पाऊण तास मी वाया घालवला. सहज, मोकळे फोटो काढणाऱ्या कुणाच्याही हातून होईल अशी ती चूक आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

घाटावर

जागा मी निवडली होती. वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेत उतरणारा काळ्या दगडाचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि देवळाजवळ टांगलेली ती मोठी पंचधातूची घंटा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून निघालेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. फोटो काढणाऱ्याला अशी जागा सोडवत नाही. दगडावर आधीच दोन-अडीचशे वर्षांचा पोत चढलेला, समोर पाणी, मागे डोंगर. जागाच निम्मं काम करील असं मला वाटलं होतं.

शनिवार होता. आमच्या आधी दोन जोड्या आपापल्या टीमसह आलेल्या. रुंद पायऱ्यांसाठी रांग. कपडे धुणाऱ्या बाया आणि पोहणारी पोरं खाली बसून सगळ्यांकडे बघत होती. मुलाच्या अंगात भाड्याचा ब्लेझर, पायात नवे, चावणारे बूट. आणि मी, ज्याला पोझ नकोत म्हणून बजावलं होतं, तो मी म्हणत होतो, "एकमेकांकडे बघा. थोडं जवळ. आता चालत या. नाही, कॅमेऱ्याकडे नका बघू." ह्यातलं प्रत्येक वाक्य पोझच मागत असतं. माणसाला "सहज वागा" म्हटलं की त्याला आपण कसे वागतो हेच आठवेनासं होतं.

मुलगी तरी हसत होती. मुलाचे खांदे कानापर्यंत चढले होते. मी ८५ मिलिमीटरच्या लेन्सने लांबून काढायचा प्रयत्न केला. लांब गेलो की माणूस विसरून जाईल अशी समजूत असते. पण समोर वीस जण बघत असताना फोटोवाला दहा पावलं मागे गेला काय आणि पुढे आला काय, सारखंच. पाऊण तासात दोनशेच्या वर फ्रेम झाल्या. मागच्या पडद्यावर त्या चाळताना मला एक गोष्ट दिसली, जी डोळ्यांनी बघताना निसटली होती. जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये मुलाचे हात लपलेले होते. खिशात, पाठीमागे, मुठीत, तिच्या पदराआड. जिथे दिसत होते तिथे मोठं करून पाहिलं. नखांच्या कडा आणि बोटांची पेरं पिवळीधमक, भेगा पडलेल्या. हळद काढणीचे हात.

तेवढ्यात तोच म्हणाला, "दादा, अजून किती वेळ? घरी हळद शिजायला लागलीय. कुकर भाड्याचा आहे, आज सुटला तर परत नंबर लागायला आठ दिवस जातील. वडील एकटे आहेत." मुलगी अवघडली. तिने ही संध्याकाळ महिनाभर आधी ठरवलेली, सुट्टी काढून आलेली.

मी विचारलं, "मी येऊ का शेतावर? दोघेही चला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "या की. पण तिथं बघण्यासारखं काय नाय."

शेतावर

हळद मे-जूनमध्ये लावतात. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळून आडवा पडला की ती काढायला येते, म्हणजे वाईकडे फेब्रुवारी-मार्च हा घाईचा काळ, आणि नेमके तेच लग्नाचे दिवस. काढलेली हळद तशीच ठेवता येत नाही, शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजवायचे. आता वाफेचा कुकर शेतात आणतात. मधे बॉयलर, भोवती ड्रम, खाली जळण. एका खेपेला साधारण अर्धा तास. ड्रम उघडला की वाफेचा लोट उठतो आणि गड्डे ताडपत्रीवर ओततात. मग पंधरवडाभर उन्हात वाळवण, त्यानंतर पॉलिश. तेव्हा कुठे बाजारातली हळद दिसते.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. त्याने गाडीतच ब्लेझर काढला, बूट काढले, बाह्या सारल्या. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तो वडिलांच्या हातातली घमेली घेऊन सरळ ड्रमकडे गेला. त्याची चाल बदलली. घाटावर ज्याचे पाय अडखळत होते तो इथे ढेकळांवरून न बघता चालत होता. मुलगी साडी सावरत बांधावर उभी. हे तिने आधी कधी पाहिलेलं नव्हतं. ठरल्यानंतर दोनदा घरी येऊन गेली होती, पण शेतावर नाही.

मी सुरुवातीला कॅमेरा बाहेर काढलाच नाही. त्याच्या वडिलांनी चहा दिला, तो प्यायलो, आणि उजेड कुठून कुठे जातोय ते बघत बसलो. वाईच्या पश्चिमेला पाचगणीकडचे डोंगर आहेत. पंचांगातला सूर्यास्त फेब्रुवारीत साडेसहाच्या पुढे-मागे असला तरी खोऱ्यातलं ऊन त्याआधीच डोंगराआड जातं. इथे वेळेचा हिशोब घड्याळावर करून भागत नाही, डोंगराच्या कडेवर करावा लागतो. माझ्या अंदाजाने तासाभराहून कमी ऊन उरलं होतं. ड्रम आणि सूर्य एका रेषेत येतील अशा ठिकाणी मी उभा राहिलो. पाठीमागे उसाचा गर्द हिरवा फड. पांढरी वाफ उजळ आभाळासमोर दिसत नाही. तिला मागून ऊन आणि पाठीला गडद रंग मिळाला की ती पेटल्यासारखी दिसते.

लेन्स ३५ ची लावली. ८५ ने माणूस भोवतालातून कापून निघतो, आणि इथे भोवताल हाच त्याचा आधार होता. ३५ ने काढायचं तर तीन-चार हातांवर जावं लागतं, आणि माझा अनुभव असा की कामात असलेल्या माणसाला जवळ आलेल्या फोटोवाल्याचा त्रास होत नाही. रिकामा उभा असलेल्याला होतो. लेन्सचं छिद्र एफ २.८, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, कारण वाफ आणि हात दोन्ही हलत होते. उजेड मोजायचा मीटर चेहऱ्यावर. मागचं ऊन जळून पांढरं झालं तर होऊ दे, असं ठरवून.

मग त्याने तिला हाक मारली. "ये इकडं. शिजली का बघ."

हळद शिजली की नाही हे काडी टोचून बघतात. बोथट काडी सहज आत गेली तर झालं. त्याने ड्रममधला एक गड्डा काढून दिला, तो इतका गरम की तिने या हातातून त्या हातात फेकला. तो हसला. ज्याला फोटोत हसायला येत नव्हतं तो मान मागे टाकून हसला, आणि तिने चिडून गड्डा पदरात धरून काडी टोचली. काडी गेली नाही. "कच्ची आहे," ती म्हणाली. त्याच्या वडिलांनी टोचून बघितली आणि म्हणाले, "सूनबाई बरोबर बोलतेय. अजून पाच मिनिटं." 

ह्या सगळ्यात मी बहुतेक अकरा फ्रेम घेतल्या. त्यातल्या एकीत त्याचे दोन्ही हात पुढे आहेत, उघडे, भेगाळलेले, पिवळे, आणि तिचं बोट त्या तळहातावर. पुढचे दोन महिने जी जी माणसं हा संग्रह बघतील ती त्या फोटोवर थांबतील हे मला तेव्हाच कळलं होतं. ऊन गेल्यावर आभाळाचा मऊ उजेड आणखी वीसेक मिनिटं टिकला. त्यात दोघे बांधावर बसून चहा प्याले. तिथे मी एकच विनंती केली : बशी माझ्या बाजूला असू दे. बाकी काही नाही.

परत येताना तो म्हणाला, "तुम्ही काढत होता ते कळलंच नाही." हे पूर्ण खरं नव्हतं. त्याला कळत होतं, पण त्याच्या हातात दुसरं महत्त्वाचं काम होतं.

मला ह्या प्रकरणातून सांगायचं ते एवढंच आहे. माणसाला त्याच्या ओळखीच्या जागी न्यावं, हाताला त्याचं काम द्यावं, आणि उजेडाची जागा आपण आधी हेरून ठेवावी. सहज दिसणाऱ्या फोटोत बिनतयारीचं काहीच नसतं. तयारी माझ्याकडे असते, म्हणून समोरच्याला ती करावी लागत नाही.

मांडव

लग्नाच्या आधी मी मुलाकडच्या अंगणात मांडव घालणाऱ्यांना भेटलो. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग घरी जाऊन रंग दुरुस्त करत बसतात. दुपारच्या मुहूर्ताला मांडवाचं कापड हाच मोठा दिवा असतो. लाल-केशरी कापडातून ऊन गाळून आलं की सगळ्यांचे चेहरे भाजल्यासारखे दिसतात, आणि हा रंग नंतर नीट काढता येत नाही, कारण साड्यांचे रंगही त्याच्याबरोबर जातात. मी म्हटलं, जिथे अंतरपाट धरणार तेवढ्या जागेवर पांढरं कापड लावा. मांडववाले म्हणाले, "पांढरं शुभकार्यात कसं लावायचं?" त्यांचं बरोबर होतं. शेवटी मोतिया रंगावर जमलं.

दुसरी गोष्ट स्टेजवरचे रंगीत एलईडी दिवे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटर एकशतांश सेकंदावर ठेवलं तर पट्टे जातात, पण अक्षता हवेत पुसट होतात. म्हणून मुहूर्ताच्या आसपास दहा मिनिटं ते दिवे बंद ठेवायला मी घरच्यांना सांगितलं. मुलाचे काका तयार झाले. त्यांना मी फोनवरच दोन नमुने दाखवले होते, पट्ट्यांचा आणि बिनपट्ट्यांचा.

हळदीच्या दिवसाबद्दल थोडंच. यंदाची हळद अजून खळ्यावर वाळत होती, म्हणून लावायला गेल्या वर्षीची, घरचीच. पिवळ्या रंगाने भरलेल्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याचा आपोआप रंगसमतोल गोंधळतो आणि त्वचेला निळसर करतो. तो हाताने ५२०० केल्विनवर बांधून ठेवला. बाकी तो दिवस आपोआप गेला, कारण हळदीत कुणाचेच हात रिकामे नसतात.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळ्यात शांत जागा गौरीहराची होती. वधू पिवळ्या साडीत पाटावर बसलेली, समोर अन्नपूर्णा, आणि ती चिमटी-चिमटीने तांदूळ वाहत होती. पूर्वेकडची एक खिडकी. मी खोलीतला ट्यूबलाइट बंद करायला सांगितला आणि दाराशी खाली बसलो, तिच्या नजरेच्या उंचीवर. पंधरा मिनिटांत तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मला तिला काहीही सांगायचं नव्हतं. सबंध लग्नात नवरी एकटी असण्याची ती एकमेव वेळ असते. तिथे दोघा-तिघांनी कॅमेरे घेऊन गर्दी करू नये, असं मी शूटिंगवाल्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी दोन मिनिटांचं चित्रण घेतलं आणि ते बाहेर गेले.

मग अंतरपाट. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. मंगलाष्टकं कितीही लांबली तरी पाट खाली येतो ते दोन-तीन सेकंदांत, आणि त्याच दोन-तीन सेकंदांत पाहण्यासारखे चेहरे चार-पाच असतात. सगळे एकाला मिळणं शक्य नसतं. कुठला सोडायचा हे आधी ठरवावं लागतं. मी वधूच्या मागे, मामांच्या खांद्याजवळ उभा राहिलो, म्हणजे पाट पडताच नवरदेवाचा चेहरा समोर. माझी सहकारी मांडवात नव्हतीच. ती मागच्या अंगणात होती, तुळशीपाशी.

ह्यामागे एक ठरवणं होतं. बऱ्याच घरांत मुलीची आई मंगलाष्टकं ऐकत नाही. ती तुळशीला पाणी घालत बसते. ह्या घरातही ती रीत होती. सगळे कॅमेरे मांडवात असतात, त्यामुळे लग्नाच्या अल्बममध्ये मुहूर्ताच्या क्षणी आई कधीच नसते. मी आदल्या संध्याकाळी त्यांना एकटीला गाठून विचारलं होतं, "काकू, तुळशीपाशी आमची एक मुलगी लांब उभी राहिली तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राहू दे. पण मी रडले तर ते सगळ्यांना दाखवायचं नाही. तिला एकटीला द्यायचं." तशी अट लिहून ठेवली.

मांडवात काय झालं? पाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, अक्षतांचा मारा झाला, आणि त्याच क्षणी शूटिंगचा दिवा धरणारा पोरगा माझ्या आणि नवरदेवाच्या मधे आला. त्याचंही कामच होतं ते. मला नवरदेवाचा पहिला चेहरा मिळाला नाही. मिळाली ती नंतरची, कपाळावरची मुंडावळ सरळ करतानाची फ्रेम, बरी, पण ती नव्हे. आदल्या दिवशी दिवावाल्याशी जागेबद्दल बोलायचं माझ्या यादीत होतं. शूटिंगवाल्यांशी गौरीहराबद्दल बोललो, अंतरपाटाबद्दल राहिलं. आता मी त्यांच्याबरोबर मांडवात उभं राहून, कोण कुठे आणि पाट पडताना कोण कुठे सरकणार, हे चालून बघतो.

तुळशीपाशी तीन फ्रेम निघाल्या. त्या इथे वर्णन करत नाही.

नजर कॅमेऱ्यात नाही

दोन दिवसांच्या सुमारे चार हजार फ्रेममधून मी सहाशेवीस निवडून दिल्या. आठवड्याने मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "फोटो चांगलेच आहेत, पण एकाचीही नजर कॅमेऱ्यात नाही हो. आत्याबाई विचारतात, आम्ही आलो होतो ह्याचा पुरावा कुठाय?"

त्यांचं म्हणणं मला पटलं आणि आजही पटतं. स्टेजवरच्या नातेवाइकांच्या रांगेचे फोटो स्थानिक स्टुडिओवाल्यांनी घेतलेले होते, ते करिझ्मा अल्बममध्ये, म्हणजे जाड पानांच्या छापील अल्बममध्ये, येणारच होते. पण त्यांना माझ्या फोटोंतही ते हवे होते. लग्नाला आलेलं माणूस उभं राहून, पदर सारखा करून, सरळ बघून जे देतं, तो त्याचा त्या घराला दिलेला मान असतो. मी सगळ्या फ्रेम पुन्हा काढल्या आणि निवडताना मागे टाकलेले, सरळ नजरेचे सत्तरेक फोटो शोधून दिले. ते माझ्याकडे होते. मीच ते कमी प्रतीचे समजून बाजूला ठेवले होते.

त्यात एक आजीचा होता. नवरदेवाची आजी, वय पंच्याऐंशीच्या पुढे. जेवणं झाल्यावर तिने मला हाक मारली होती, "बाळा, माझा एक काढ." मी जवळ गेलो, म्हटलं, आजी, तुम्ही बसलाय तशाच बसा, गप्पा मारा. तिने मान हलवली. नातीला पदर नीट करायला लावला, खुर्ची भिंतीला लावून घेतली, पाय जुळवले, दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले, हनुवटी उचलली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. आत देवघराच्या दाराशी तिचा आणि आजोबांचा एक जुना स्टुडिओतला फोटो आहे. त्यात ती अशीच बसली आहे, हात असेच गुडघ्यांवर. तिच्यासाठी फोटो म्हणजे हे बसणं. गप्पा मारताना मी चोरून घेतलेल्या तिच्या पाच-सहा फ्रेम आहेत. एकीतही ती ह्या फोटोइतकी आजी दिसत नाही.

मी तेव्हा एकच फ्रेम घेतली होती, कारण तिने एकच काढ म्हटलं होतं. अल्बम छापायला जायच्या आधी त्याची आठ बाय बाराची प्रत करून मी स्वतः वाईला नेऊन दिली. नवरदेवाने ती जुन्या फोटोशेजारी लावली. खिळा ठोकताना त्याची नखं अजून पिवळी होती. मी कॅमेरा नेला नव्हता.